मोठी केलेली रेघ

१२ जानेवारी

तिसरा कागद उलटला तेव्हा चिटणीस म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण पक्षी कुठे गेला?"

कला केंद्राच्या जुन्या बोधचिन्हात एक रंगपाटी आहे, तिच्यात खोचलेला कुंचला आहे आणि वर कोपऱ्यात उडणारा पक्षी. पक्षी कशासाठी, हे आता कुणालाच माहीत नाही. जागा उरली म्हणून काढला असावा. मी म्हटलं, "उडून गेला." कुणी हसलं नाही.

चिटणीसांचं हार्डवेअरचं दुकान आहे. माझी तिन्ही चिन्हं त्यांनी हातभर लांब धरून पाहिली, बिजागरी पाहावी तशी. "कला म्हटल्यावर रंग हवेत. इथं दोनच दिसतात. बाकीचे संपले का?" त्यांच्या शेजारच्या बाईंना 'काहीतरी आपलं' हवं होतं. आपलं म्हणजे काय, ते विचारलं. "म्हणजे बघितल्यावर वाटलं पाहिजे, की आपलं."

सगळ्यांचं झाल्यावर संचालिका बोलली. तिला इथे येऊन अजून वर्ष झालेलं नाही. तिचं म्हणणं, नवी ओळख म्हणजे नुसता दारावरचा फलक नव्हे. कुठल्या खोलीत काय चालतं, तेही. बोलताना ती व्हरांड्याच्या टोकाकडे बघत होती. टोकाला मातीकामाची खोली आहे. इमारतीतली सर्वांत मोठी, उत्तरेचा उजेड, भिंतीशी भट्टी. तिथे तिला संगणकांचा वर्ग काढायचा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. ती खोली माझ्या बहिणीची.

"त्यांना कुणी जा म्हणत नाही," संचालिका म्हणाली. "तसं कारणच नाही." आणि माझ्याकडे बघून हसली.

हे काम मला ताईमुळे मिळालं. तिनंच सांगितलं, माझ्या बहिणीला द्या. इथे एकदाच लिहून ठेवते, पुन्हा लिहिणार नाही.

तिन्ही नापास.


१४ जानेवारी

ताईला म्हटलं, तुमची कार्यकारिणी मूर्ख आहे. ती म्हणाली, "मूर्ख आहे हे खरं. पण तुझी चिन्हंही चांगली नव्हती, छोटी."

बावन्नाव्या वर्षीही मी छोटीच. माझं ऑफिस बंद पडल्यावर थोडे दिवस म्हणून तिच्याकडे आले, त्याला दोन वर्षं होऊन गेली. मागची खोली माझी. टेबल, संगणक, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली माझी जुनी कामं, चौकटीत. त्यांच्यासाठी खिळा ठोकावा असं दोघींपैकी कुणाला वाटलेलं नाही.

"काय वाईट होतं त्यांच्यात?"

"वाईट नव्हतं काही. स्वच्छ होती. हात धुऊन काढल्यासारखी."

केंद्रात सगळे ज्या कपांतून चहा पितात ते ताईनं घडवलेले. कपाच्या गळ्याशी एक निळी रेघ असते. कप फिरत्या चकतीवर ठेवायचा, श्वास धरायचा, कुंचला टेकवायचा. कप एकदा फिरून आला की उचलायचा. रेघेची सुरुवात शेवटाला जिथे भेटते ती जागा सापडत नाही. कितीतरी वर्षं मी ती शोधते आहे. चहा पिता पिता, बोटानं.

मला एकदम कळलं काय हवंय ते. म्हटलं, "तूच एक रेघ दे मला. नुसती, कुंचल्यानं. फलकावर तेवढीच."

"मला नाही जमायचं."

"कपावर जमते."

"कपांवरही नाही काढत आता. साधेच बरे वाटतात."

हे खरं आहे. गेल्या वर्षापासूनचे तिचे कप नुसते पांढरे आहेत. नाव झालं की माणसाला साधेपणा परवडतो.


२० जानेवारी

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. "हट्ट नको करूस," म्हणाली आणि भाजीची पिशवी पातेल्यात रिकामी केली. हल्ली ती चिरलेली भाजीच आणते. बाईसाहेब.


३ फेब्रुवारी

दिवसभर ताईच्या वर्गात बसले. संचालिकेला सांगितलं, निरीक्षण. खरं म्हणजे घरी काही सुचत नव्हतं.

खोलीत ओल्या मातीचा वास, खिडक्यांवर पांढरट धूळ. ताई एप्रनच्या पुढच्या खिशात दोन्ही हात घालून टेबलांमधून हिंडते आणि बोलते. करून काही दाखवत नाही. "जाड झालं. अजून. अजून. आता थांब. थांब म्हटलं ना, का माझा सूड घेतेस?" बायका हसतात. कुणी म्हटलं, ताई एकदा तुम्ही करा, तर उत्तर ठरलेलं: "मी केलं तर माझं होईल. तुमचं तुम्ही बिघडवा."

चाकावर करून दाखवायचं काम बँकवालीचं. ही बँकेत नोकरी करते आणि बरीच वर्षं ताईकडे शिकते आहे. भट्टीत भांडी तीच रचते. भांड्यांवर चढवायच्या चकचकीत लेपाची, ग्लेझची बादली तीच उचलते. ताईचा चष्मा पुसून देते. चहा आला तेव्हा तिनं ताईचा कप अर्धाच भरला आणि तिच्या हातात न देता पुढ्यात ठेवला. चमची. मी म्हटलं, "म्हणजे वर्ग तुम्हीच चालवता म्हणायचं."

"नाही हो. मी नुसता हातभार लावते."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. त्यांच्यात काहीतरी आहे, ज्यात मी नाही.

दुपारी संचालिका दारात येऊन उभी राहिली. "ताई, आज चाकावर तुम्ही नाही?"

"माझं बघून शिकले तर माझ्यासारखे होतील. तेवढा धोका कशाला घ्या?"

सगळे हसले. संचालिकाही हसली. पण लगेच गेली नाही.


१० फेब्रुवारी

ताई पुन्हा दातांच्या डॉक्टरकडे. दर महिन्याला जाते. माणसाला एवढे दात असतात का?


१७ फेब्रुवारी

ताईच्या कपाटात कात्री शोधत होते. ती वर्गाला गेली होती. खालच्या खणात कात्री नव्हती, कागदांची चळत होती. साधे पांढरे कागद. प्रत्येकावर दोन चक्रं शेजारी शेजारी, मधल्या टिंबापासून निघून वळसे घेत बाहेर येणारी. कोपऱ्यात तारीख. दर महिन्याचा एक कागद.

जमिनीवर क्रमानं मांडले. पहिल्या कागदावरची वळणं मला पाठ असलेली, ताईची. मग तिनं हळूहळू सोडून द्यायला सुरुवात केली आहे. डावीकडचं चक्र जवळपास तसंच राहतं. उजवीकडचं दर महिन्याला धीट होत जातं. रेघ थरथरते, आत ओढली जाते, सुटते, दोन वळसे एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा वेगळे होतात. शेवटच्या कागदावरचं उजवं चक्र बघून मी खाली बसले. चाकावर चढणारी माती डगमगते, ती अशी. आयुष्यभर हेच काम केलं, म्हणून सांगते, अशी रेघ ठरवून काढता येत नाही. येत असलेलं सगळं विसरल्यावर येते.

तारखा मुंग्यांसारख्या. तिचं अक्षरच हल्ली बारीक होत चाललं आहे. माझा धंदा अक्षरांचा, मला दिसतं. वाण्याच्या यादीत शेवटचे शब्द तर वाचताच येत नाहीत. कागद वाचवते की काय कोण जाणे.

म्हणजे ती काम करत होती. इतके महिने, लपवून, शिस्तीनं. आणि मला म्हणत होती, जमायचं नाही.

राग आला. रेघ वाईट असती तर आला नसता.

शेवटचा कागद घेतला. बाकीचे होते तसे ठेवले.


१९ फेब्रुवारी

चक्र संगणकावर घेतलं. बिंदू बिंदू लावून रेघ बांधते आहे. प्रोग्राम दर थोड्या वेळानं विचारतो, रेघ सरळ करून देऊ का. नाही. एकेक थरथर जशी आहे तशी ठेवली. एवढं लक्ष देऊन मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

रंग एकच. कपांवरचा निळा.

तिला सांगायला हवं. सांगितलं तर नाही म्हणेल, आणि तिचं नाही ऐकून माझे कान किटले आहेत. उद्घाटनाला बघेल. चांगलं काय ते मलाही कळतं, हे तिला त्या दिवशी कळेल.


२७ फेब्रुवारी

पास. एकमतानं.

चिटणीसांनी कागद या वेळी लांब धरला नाही. "हे जिवंत वाटतं बुवा. पक्षी नाही, पण घरटं आहे म्हणायचं." आपलं हवं असलेल्या बाई म्हणाल्या, "बघा, आता आपलं वाटतं."

संचालिकेनं विचारलं, "संगणकावरचं नाही वाटत. हातानं काढलंय?"

"हातानंच."

यात खोटं काही नाही. सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. सुचलं कसं, असं एकानं विचारलं. मी चाकाबद्दल बोलले, मातीबद्दल, न घाबरता चुकण्याबद्दल. बोलता बोलता ते मलाच माझं वाटायला लागलं.

घरी ताईनं विचारलं, "झालं का?" म्हटलं, झालं. "छान," म्हणाली. काय झालं ते विचारलं नाही. उद्घाटनालाच दाखव, म्हणाली. आधी बघितलं तर मी बोलल्याशिवाय राहायची नाही.


११ मार्च

फलकवाल्यानं पत्र्यात कापलेला नमुना दाखवला. रेघ लोण्यासारखी.

"फाईलमध्ये गडबड होती मॅडम. सगळीकडे दाते दाते. मी दुरुस्त करून घेतली. त्याचं वेगळं काही नाही."

"दुरुस्त नको होती. जशी दिली तशी कापा."

"लोक म्हणतील, कापणाऱ्याचा हात हलला."

"म्हणू देत."

"माझं नाव जातं ना त्यात."

"मग माझं सांगा," मी म्हटलं.


२० मार्च

लेटरहेडची मापं बघत होते. ताई माझ्या दारात येऊन उभी राहिली. एका हातानं दुसरा हात धरून, तोंडी परीक्षेला आलेल्या मुलीसारखी.

"छोटी, थोडं बोलायचं होतं."

कागद गेल्याचं कळलं असणार. म्हटलं, "फलक लागू दे गं. मग बोल."

"तेवढा वेळ लागेल?"

"तुला काय, तुझं सगळं झालंय. माझं आत्ता कुठे उभं राहतंय. आठ-दहा दिवस कळ काढ."

ती भिंतीला टेकवलेल्या चौकटींकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. "लागू दे फलक."

दार ओढून घ्यायला तिला दोनदा मूठ धरावी लागली. रागावली असावी.


२९ मार्च

सविस्तर लिहिते. हा दिवस माझा होता.

फलक मोठ्या दारावर, कापडाखाली. संध्याकाळचं ऊन थेट त्यावर येईल अशी वेळ मी मागून घेतली होती. माणसं बरीच. ताई मातीकामाच्या बायकांबरोबर पुढेच उभी, धुतलेला एप्रन घालून, शेजारी बँकवाली. कापडाची दोरी अडकली. फलकवाल्यानं शिडीवर चढून ओढली आणि कापड त्याच्याच डोक्यावर पडलं. हशा. मग सगळ्यांनी वर पाहिलं.

माणसापेक्षा उंच चक्र, निळं, पांढऱ्या भिंतीवर. ऊन रेघेच्या प्रत्येक दात्यात शिरलं होतं. इतकं नीट झालेलं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

टाळ्या. ताई वर बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. बँकवालीनं तिचा दंड धरला होता, नेहमीप्रमाणे.

चिटणीसांना दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. त्यांचे दोन शब्द म्हणजे पाव तास. त्यात म्हणाले, "खरं सांगू का, मला हे आज मोठं बघितल्यावर आमचे वडील आठवले. शेवटी शेवटी त्यांचे हात फार कापायचे. डॉक्टर दर भेटीला असंच चक्र काढायला लावायचे. हुबेहूब असंच यायचं. तर अशी ही कला कुठून कुठे..." लोक हसले. माणसाला कुठे काय बोलावं याचा पोच नाही.

मग मला बोलावलं. काय बोलायचं ते मी दोन दिवस ठरवत होते. श्रेय घेऊन टाकणं सोपं होतं, कुणीही हरकत घेतली नसती. मी म्हटलं, "ही रेघ माझी नाही. मी फक्त ती मोठी केली. ही माझ्या बहिणीच्या हातची आहे, तुमच्या ताईंची. तिनं गेल्याच महिन्यात काढलेली. इतकी मोकळी रेघ मी आजवर पाहिली नाही."

टाळ्या उशिरा आल्या, आणि सगळीकडून आल्या नाहीत. चिटणीस खाली बघत होते. संचालिका टाळ्या वाजवत नव्हती; ती ताईच्या हातांकडे बघत होती. ताईनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

एवढं करूनही तिला माझ्यासाठी टाळी वाजवावीशी वाटली नाही.


३० मार्च

ताई वर्गाला गेली नाही. विचारलं, बोलायचं होतं ते काय होतं?

"आता काय राहिलंय? सांगून झालं की सगळ्यांना."

"कुणी सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू जेवून घे."


३१ मार्च

ताई आत पडून होती. बँकवाली आली, ताईला भेटायला नाही, मला. बसा म्हटलं तर बसली नाही.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"एका घरात राहता तुम्ही."

"काय माहीत नव्हतं, ते तर सांगा."

"ते डॉक्टरांचे कागद आहेत. दर भेटीआधी काढून न्यायचे. एक चक्र उजव्या हातानं, एक डाव्या. किती वाढलंय ते बघतात त्यावरून."

"कुठले डॉक्टर?" मी विचारलं. हा प्रश्न मी खरंच विचारला.

"दातांचे," ती म्हणाली. माझ्याकडे बघण्याचीही तिला गरज वाटली नाही.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. चिरलेली भाजी. अर्धे कप. कोऱ्या कपांचा गठ्ठा. वाण्याची यादी फ्रीजवर होती, चुंबकाखाली. पहिला शब्द मोठा, शेवटचा टाचणीच्या टोकाएवढा. कंपवात झालेल्या माणसाचं अक्षर असं होतं, हे मी एकदा कुठेतरी वाचलंही होतं.


२ एप्रिल

"मला का नाही सांगितलंस?"

"आले होते सांगायला."

मग म्हटलं, "बँकवालीला आधी सांगितलंस."

"तिला सांगावं लागलं नाही. तिनं पाहिलं."

ताई खिडकीशी बसली होती. उजवा हात मांडीवर मोकळा ठेवलेला. बोटं आपापली हलत होती, माती चाचपल्यासारखी. लपवत नव्हती. मी पहिल्यांदा बघत होते. म्हणजे बघितलं असेल पूर्वीही.

"कागद चोरलास त्याचं काही नाही गं. लहानपणी माझे रंग चोरायचीस, तसाच. पण एवढा मोठा कशाला केलास?"

"मला सुंदर वाटली रेघ."

"असेल. मी मनगट दाबून धरायचे काढताना. डॉक्टर ओरडायचे, दाबू नका, येईल तसं येऊ द्या." ती हसली. "तू भाषणात तेच म्हणालीस. मोकळी रेघ."

"सगळ्यांसमोर सांगितलं ते तुझ्या भल्यासाठी. श्रेय तुला मिळावं म्हणून."

"मिळालं."

मग तिनं काय ठरवलं होतं ते सांगितलं. बँकवालीचा शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुढच्या उन्हाळ्यात संपतो. तोवर तिनं चाक सांभाळायचं, ताईनं तोंड चालवायचं. मग ताई स्वतः होऊन सोडणार आणि खोली तिच्या हातात देणार. "एकदा भट्टी थंड झाली की पुन्हा कुणी पेटवत नाही. म्हणून मधे खंड नको होता. संचालिकेला कारण हवं होतं, ते फक्त एवढे दिवस द्यायचं नव्हतं. जमत आलं होतं."

"मला माहीत असतं तर..."

"तर काय? तू तरी नीट बघणारी आहेस असं मला वाटायचं. धंदाच तो तुझा."


६ एप्रिल

संचालिकेनं बोलावलं. आवाज इतका मऊ की मला आधी वाटलं, हिच्या घरी कुणी गेलं.

ताईंची तिला काळजी वाटते. भट्टी म्हणजे आग. उद्या काही झालं तर केंद्राची जबाबदारी. ताईंना मानानं विश्रांती द्यायची, निरोप समारंभ करायचा. "तुम्ही धीरानं हे पुढे आणलंत म्हणून बरं झालं. आम्ही कुणी विचारूच शकलो नसतो."

मी म्हटलं, वर्ग बँकवालीला द्या. म्हणाली, त्यांच्याकडे अजून पात्रता नाही. पुढच्या वर्षी विचार करता येईल, खोली रिकामी असली तर.

मग मी म्हटलं, बोधचिन्ह बदलायचं आहे. माझ्या खर्चानं. दुसरं देते.

"का बदलायचं?" तिला खरंच नवल वाटलं. "लोकांना आवडलंय. आणि आता तर त्याला गोष्टही आहे."

कार्यकारिणीपुढे विषय ठेवावा, असा मी आग्रह धरला. संध्याकाळच्या बैठकीत ठेवला. चिटणीस उभे राहिले. एरवी पाव तास बोलणारा माणूस, एकच वाक्य बोलला: "ते काढा आणि आमचा पक्षी परत लावा." हात त्यांचा एकट्याचाच वर गेला. माझ्या हाताला तिथे मत नाही.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं."

"तुम्हाला काय माहीत, ते कुणाचं."

"तेच ना," म्हणाले. "मला माहीत नव्हतं."


१० एप्रिल

निरोप समारंभ ताईनं नको म्हटलं. शेवटचा वर्ग मात्र घेतला. मी मागे उभी होते. बायका बोलत नव्हत्या, म्हणून तीच बोलत होती. "मयताला आल्यासारखं काय बसलाय? माती सुकतेय." एकीला हसू आलं आणि मग रडू. "आधी काय ते एक ठरव," ताई म्हणाली.

शेवटी तिनं एक नुकताच घडवलेला कच्चा कप मागितला, चकतीवर ठेवला आणि निळा रंग घेतला. तिनं श्वास धरला आणि कुंचला टेकवला. मनगट दाबून धरलं नाही. कप फिरला. रेघ वर चढली, खाली आली, तुटली, पुन्हा लागली आणि फिरून आली तेव्हा सुरुवातीच्या बोटभर खाली होती. तिथे ताईनं कुंचला उचलला.

माझ्याकडे बघून म्हणाली, "घे. सापडली का आता जागा?"

मी हात पुढे केला. पण कप तिनं बँकवालीच्या हातात दिला. भाजलेला नाही तो. भट्टी आता पेटायची नाही, तेव्हा तसाच राहील. पाणी लागलं तर विरघळेल. बँकवालीनं तो दोन्ही तळव्यांत धरला आणि घरी नेला.

घरी आल्यावर ताईनं खोलीची चावी माझ्या टेबलावर ठेवली. "तू देऊन ये. तुझं तिथे काम असतंच."


११ एप्रिल

सकाळी फलकाखालून आत गेले आणि चावी दिली. संचालिका म्हणाली, त्या खोलीच्या दारावर नवी पाटी लागेल, त्याच अक्षरात. मी दाराचं माप घेतलं.